हिरवा चौकोन आणि रखडलेलं काम

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत नेटवर्क व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरवर लेख आला, त्याबद्दल चार गोष्टी लिहायच्या आहेत. या विषयाला वर्तमानपत्रात जागा मिळते याचंच आमच्या क्षेत्रातल्या लोकांना नवल. नेटवर्क चालू असतं तेव्हा आम्ही कोणाला आठवत नाही आणि बंद पडलं की आमचा फोन थांबत नाही. लेखातली माहिती बरीचशी बरोबर होती. पण एकूण सूर असा होता की चांगलं सॉफ्टवेअर विकत घ्या, बसवा, सगळी उपकरणं आणि त्यांच्यातून जाणारा ट्रॅफिक एका पडद्यावर दिसू लागेल, आणि मग त्या पडद्यासमोर माणूस बसवायची फारशी गरज उरणार नाही. हे मला अजिबात पटलं नाही.

मी नेटवर्क नियंत्रण कक्षात काम करते, रात्रपाळ्याही करते. भिंतीवर मोठे पडदे, त्यावर हिरवे, पिवळे, लाल चौकोन. बघायला आलेल्या पाहुण्यांना आधी तेच दाखवतात आणि पाहुणे खूशही होतात. हे पडदे नसते तर नेटवर्कमधली माहिती इकडून तिकडे वळवणारी उपकरणं, म्हणजे शेकडो स्विच आणि राउटर, सांभाळणं कोणालाच जमलं नसतं, हे मी आधीच मान्य करते. पण सगळे चौकोन हिरवे असताना लोकांचं काम रखडलेलं मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्या रंगावर माझा फार भरवसा राहिलेला नाही.

हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय? प्रत्येक स्विच, राउटर, फायरवॉल, अगदी यूपीएस आणि प्रिंटरसुद्धा स्वतःबद्दलचे काही आकडे जवळ बाळगून असतो. कोणतं पोर्ट (केबल जोडायची जागा) चालू आहे, त्यातून किती बाइट आत आले, किती बाहेर गेले, किती पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) खराब निघाली, प्रोसेसर किती गुंतलेला आहे, आतलं तापमान किती. अशा प्रत्येक आकड्याला ठिपक्यांनी जोडलेला एक लांबलचक क्रमांक असतो, त्याला आम्ही ओआयडी म्हणतो. या सॉफ्टवेअरचा सर्व्हर ठरावीक वेळाने, बऱ्याच ठिकाणी दर पाच मिनिटांनी, एकेका उपकरणाला विचारतो की अमुक ओआयडीचा आकडा आता काय आहे. आताच्या उत्तरातून मागचं उत्तर वजा करायचं, मधल्या सेकंदांनी भागायचं, की ट्रॅफिकचा वेग मिळाला. पडद्यावरचे रंगीत ग्राफ म्हणजे ही वजाबाकी आणि हा भागाकार. ही विचारपूस ज्या एसएनएमपी प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या नियमांच्या भाषेने, चालते तो १९८८ साली आरएफसी १०६७ या इंटरनेटच्या दस्तऐवजातून आला आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांवर आजही बरंचसं काम निघतं.

ग्राफची सवय मात्र आम्हाला टोबियास ओटिकर यांनी लावली. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात ते काम करत होते तेव्हा बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ किलोबिटची एकच लाइन तिथे होती. ती किती भरली आहे हे जो तो विचारायचा. म्हणून त्यांनी सतत ताजा होत राहणारा ग्राफ वेबवर दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तोच पुढे एमआरटीजी म्हणून १९९५ मध्ये सगळ्यांसाठी बाहेर आला. मला या हकिकतीतलं आवडतं ते हे की तिथे प्रश्न आधी होता, ग्राफ नंतर आला. आज सॉफ्टवेअर बसवलं की पहिल्याच दिवशी ते आपणहून उपकरणं शोधतं आणि हजारो ग्राफ काढून मोकळं होतं. त्यातल्या बहुतेकांना कोणी काही विचारलेलंच नसतं. आणि जे विचारायला हवं होतं ते यादीत नाही, हे सॉफ्टवेअर कधीच सांगत नाही.

याचं मला आठवणारं सगळ्यात चांगलं उदाहरण एका कार्यालयाचं आहे. इमारतीच्या एका भागातले लोक सारखी तक्रार करत होते की फाइल सेव्ह करायला वेळ लागतो. एक-दोन पानांचं पत्र असेल तर लगेच जातं, मोठी फाइल असली की अडकते. पडद्यावर त्या भागाचा स्विच हिरवा. पिंग केलं, म्हणजे छोटी हाक मारून पाहिली, तर उत्तर झटपट. लिंकचा ग्राफ पाहावा तर ती जेमतेम पाच टक्के भरलेली. साहजिकच नेटवर्कवाले म्हणाले आमचं ठीक आहे, सर्व्हर तपासा. सर्व्हरवाल्यांनी त्यांचे ग्राफ दाखवले, तेही हिरवे. दोन्ही गट आपापल्या पडद्याकडे बोट दाखवत राहिले आणि लोक आपल्या फाइलींची वाट बघत राहिले.

शेवटी त्या लिंकच्या दोन्ही टोकांना थेट लॉगिन करून इंटरफेसचे काउंटर पाहिले. एका टोकाला सीआरसी एरर, म्हणजे वाटेत खराब झालेली पॅकेट, वाढत होत्या, दुसऱ्या टोकाला लेट कोलिजन, म्हणजे उशिरा झालेल्या टकरा. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना एवढ्यावरच उत्तर कळलं असेल. एका टोकाला वेग आणि डुप्लेक्स (दोघांनी एकदम बोलायचं की आळीपाळीने) हाताने पक्के केलेले होते, १०० मेगाबिट, फुल. दुसरं टोक ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी वाटाघाट करून ठरवणारं. समोरचा वाटाघाटच करत नसेल तर ऑटोवरच्या टोकाला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमाप्रमाणे ते हाफ डुप्लेक्स धरतं. म्हणजे एक टोक मानतं की आपण कधीही बोलू शकतो, दुसरं मानतं की एका वेळी एकानेच बोलायचं. ट्रॅफिक थोडा असतो तोवर कोणाला काही कळत नाही. पिंगचं पॅकेट लहान, एकटंच जातं, एकटंच परत येतं. मोठी फाइल सुटली की दोन्हीकडून एकदम पॅकेट धावतात, टकरा होतात, पॅकेट फेकली जातात, आणि फाइल पोचवणारा टीसीपी प्रोटोकॉल आपला वेग कमी करत करत रांगायला लागतो.

आता त्या पाच टक्क्यांच्या ग्राफकडे पुन्हा बघा. लिंक बिघडलेली होती म्हणूनच तिचा ग्राफ शांत होता. लोकांना पाठवायचं खूप होतं, जात थोडंच होतं. भरलेली लिंक म्हणजे त्रास आणि रिकामी लिंक म्हणजे आराम, असं ज्याने गृहीत धरलं तो या ग्राफवरून उलटाच निष्कर्ष काढणार. एररचे आकडे उपकरणात पहिल्या दिवसापासून होते. त्यांचाही ओआयडी होता. सॉफ्टवेअरसोबत आलेल्या तयार साच्यात मात्र त्यांच्यावर अलर्ट लावलेला नव्हता, आणि तो साचा उघडून बघणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेलं नव्हतं. आता आमच्याकडे प्रत्येक महत्त्वाच्या पोर्टचे एरर आणि डिस्कार्ड (टाकून दिलेली पॅकेट) आधी बघतात, ट्रॅफिक नंतर.

आकडे कसे फसवतात याचा आणखी एक नमुना देते. हा मला फार आवडतो, कारण यात कोणाचीच लबाडी नाही, नुसतं गणित आहे. जुन्या पद्धतीचे ट्रॅफिक काउंटर ३२ बिटांचे असतात. ते ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजले की पुन्हा शून्यावर येतात. १९८८ मध्ये एवढा आकडा भरायला भरपूर वेळ लागायचा. एक गिगाबिटची लाइन पूर्ण भरून चालत असेल तर तो साधारण ३४ सेकंदांत भरतो. सॉफ्टवेअर विचारायला येतं पाच मिनिटांनी. मधल्या काळात काउंटरने आठ-नऊ फेऱ्या मारलेल्या असतात आणि सॉफ्टवेअर फार तर एक फेरी धरू शकतं. परिणाम असा की गच्च भरलेल्या गिगाबिट लाइनचा ग्राफ काही केल्या ११५ मेगाबिटच्या वर जात नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो बैठकीत छातीठोकपणे सांगेल की लाइन जेमतेम अकरा-बारा टक्के वापरात आहे, मोठी घ्यायची काय गरज. उपाय सोपा आहे: ६४ बिटांचे काउंटर वाचायचे. त्याच वेगाने ते भरायला साडेचार हजार वर्षांहून जास्त लागतील. पण एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचा काउंटर मिळतच नाही, आणि कोणीतरी उपकरण जोडताना यादीतला पहिलाच पर्याय निवडून पुढे गेलेलं असतं.

याच कुळातली एक गंमत, जाता जाता. उपकरण किती वेळ चालू आहे हे सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलं जातं, तेही ३२ बिटांत. त्यामुळे ४९७ दिवसांनी तो आकडा शून्यावर येतो आणि सॉफ्टवेअर मध्यरात्री उठवून सांगतं की राउटर रीबूट झाला. राउटर बिचारा सोळा महिने जागचा हललेला नसतो.

पाच मिनिटांच्या सरासरीबद्दलही लेखात काही नव्हतं. तीनशे सेकंदांपैकी दहा सेकंद लाइन शंभर टक्के भरली आणि बाकी वेळ रिकामी राहिली, तर ग्राफवर सुमारे तीन टक्के दिसतात. त्या दहा सेकंदांत स्विचचा बफर (पॅकेट क्षणभर थांबवायची जागा) ओसंडून पॅकेट टाकून दिली गेली असतील, कोणाचा तरी व्हिडिओ कॉल तुटला असेल. तो माणूस तक्रार करतो तेव्हा त्याला तीन टक्क्यांचा ग्राफ दाखवून गप्प बसवणं हा आमच्या धंद्यातला जुना अपराध आहे. त्यात भर म्हणून बरीच सॉफ्टवेअर जागा वाचवण्यासाठी जुनी माहिती आणखी दळतात: महिन्यापूर्वीचं पाहायला गेलं की पाच मिनिटांच्या जागी दोन तासांची सरासरी मिळते, आणि त्या दिवशीचा सुळका कुठे गेला म्हणून आपण शोधत बसतो. सरासरीसोबत कमाल आकडाही साठवा, असं सॉफ्टवेअरला सांगता येतं. सांगावं लागतं, एवढंच.

एवढं वाचून वाटेल की बाईंना ही सॉफ्टवेअर नकोच आहेत. तसं नाही. जिथे आकडा हळूहळू सरकतो तिथे माणसाचा डोळा कमी पडतो आणि ही सॉफ्टवेअर खरोखर कमाल करतात. फायबरच्या टोकाला बसणारं मॉड्यूल आपल्याकडे किती प्रकाश पोचतो आहे हे सांगू शकतं, डीबीएम या एककात. दर तीन डीबी उतरले की प्रकाश निम्मा. दहा किलोमीटरपर्यंत वापरतात त्या १० गिगाबिटच्या एलआर प्रकाराला उणे १४.४ डीबीएमपर्यंतचा प्रकाश चालतो; त्याखाली भरवसा नाही. एखाद्या लिंकवर हा आकडा महिनोन्‌महिने एका जागी असतो आणि मग आठवड्याला थोडा थोडा उतरायला लागतो. कनेक्टरवर धूळ बसलेली असते, किंवा कुठेतरी केबल नको तेवढी वाकलेली असते. लिंक चालू, चौकोन हिरवा, एकही तक्रार नाही. पण प्रकाशाचा ग्राफ लावून ठेवला असेल तर महिनाभर आधी कळतं, दिवसाढवळ्या जाऊन कनेक्टर पुसून येता येतं. हे काम मला सगळ्यात समाधान देतं, आणि त्याची बातमी कधीच होत नाही.

अलर्टचं प्रकरण मात्र सगळीकडे बिघडलेलं आहे. बसवणारा माणूस घाबरून सगळ्यावरच अलर्ट लावतो, कारण पुढे काही झालं तर सॉफ्टवेअरने सांगितलं नाही असं कोणी म्हणू नये. मग एक मुख्य राउटर पडला की त्याच्या मागची झाडून सगळी उपकरणं बंद दिसतात आणि तेवढे मेसेज एकदम येऊन आदळतात. त्यातला खरा एक शोधायचा. सॉफ्टवेअरला कोण कोणाच्या मागे आहे हे समजावून सांगता येतं. नागिओससारख्या जुन्या प्रोग्राममध्येसुद्धा 'बंद' आणि 'पोचता येत नाही' या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पण त्यासाठी नेटवर्कचा नकाशा कोणीतरी बसून भरावा लागतो आणि नेटवर्क बदललं की तोही बदलावा लागतो. हे काम कंटाळवाणं असल्यामुळे मागे पडतं. मग अलर्टचा पाऊस पडतो, मग लोक मेल आपोआप एका फोल्डरमध्ये वळवतात, आणि त्या फोल्डरमध्ये काय आहे हे नंतर फक्त चौकशी समिती वाचते.

उपकरण स्वतःहून पाठवतं त्या ट्रॅप नावाच्या सूचनेवरही फार विसंबू नये. ती यूडीपी या प्रोटोकॉलवरून जाते, पोचली की नाही याची पावती मिळत नाही. शिवाय वीज गेल्यावर उपकरणाने सूचना पाठवायची कशाच्या जोरावर? काहीच सूचना आली नाही म्हणजे काहीच झालं नाही, असं समजणारे अधिकारी मी पाहिले आहेत.

आणि अलर्ट जातो कुठून, हे तर कोणी विचारतच नाही. मेल सर्व्हर ज्या लिंकपलीकडे आहे तीच लिंक पडली, तर ती पडल्याचा मेल ती परत आल्यावर मिळतो. हसू नका, मोठमोठ्यांचं याच जातीचं झालं आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास जगभर बंद होतं. देखभालीच्या वेळी मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका कमांडने ते जाळंच तुटलं; अशा कमांड अडवण्यासाठी असलेल्या तपासणीच्या प्रोग्राममध्ये दोष होता, त्याने ती अडवली नाही. त्यांचे डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारे, बाहेरून पोचण्याजोगे राहिले नाहीत. आणि बिघाड शोधण्यासाठी अभियंते रोज जी साधनं वापरायचे त्यांतली बरीच त्याच डीएनएसवर अवलंबून होती. पर्यायी वाटेसाठी ठेवलेलं वेगळं नेटवर्कही चाललं नाही. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरून काम सुरू करायलाही वेळ लागला. नजर ठेवणारी यंत्रणा आणि जिच्यावर नजर ठेवायची ती यंत्रणा एकाच दोरीने बांधलेली असली की असं होतं. निदान एक तरी तपासणी बाहेरून, वेगळ्या लाइनवरून चालू ठेवा आणि अलर्टसाठी मोबाइलचा वेगळा मार्ग ठेवा, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. उत्तर ठरलेलं असतं: पुढच्या टप्प्यात बघू.

आता ट्रॅफिकविषयी. लेखात म्हटलं होतं की सॉफ्टवेअरमुळे कोण काय करतो ते सगळं दिसतं. हे अर्धसत्य आहे आणि दोन्ही अंगांनी घातक आहे. काउंटर फक्त किती ते सांगतो. कोणाकडून कोणाकडे, हे कळायला नेटफ्लो किंवा त्याचं प्रमाणित रूप आयपीफिक्स लागतं. त्यात राउटर प्रत्येक संवादाची नोंद करतो: कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर, कोणतं पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक), किती पॅकेट, किती बाइट, कधी सुरू, कधी संपलं. पाकिटावरचे पत्ते आणि वजन टिपून घ्यायचं, आतलं पत्र वाचायचं नाही, तसं हे. बऱ्याच मोठ्या लाइनींवर तर प्रत्येक पॅकेट मोजतही नाहीत. हजारातलं एखादं बघून बाकीचा अंदाज बांधतात. मोठा ट्रॅफिक कोणाचा आहे हे त्यातून छान कळतं. लहानसहान संवाद मात्र नमुन्यात सापडतातच असं नाही, त्यामुळे नोंद नाही म्हणून घडलंच नाही असं म्हणता येत नाही.

त्यात आता वेबवरचा बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्ट केलेला असतो आणि एकाच आयपी पत्त्यामागे असंख्य वेबसाइट असतात. तरीही सॉफ्टवेअर रिपोर्टमध्ये ठामपणे लिहितं की अमुक टक्के व्हिडिओ, अमुक टक्के सोशल मीडिया. ते वर्गीकरण पत्ते, पोर्ट, कनेक्शनच्या सुरुवातीला दिसणारं साइटचं नाव यांवरून बांधलेला अंदाज असतो. अंदाज बरेचदा बरोबर असतो. पण एखाद्या माणसाच्या नोकरीचा निर्णय घेण्याइतका तो पक्का नसतो. पाठीमागे उघडी राहिलेली टॅब, आपोआप उतरणारं अपडेट, पानावरची जाहिरात, यांतलं काहीही त्या माणसाच्या नावावर जमा होऊ शकतं. शिवाय आयपी पत्ता माणसाचा नसतो, यंत्राचा असतो, तोही त्या वेळेपुरता. आणि उपकरणांची घड्याळं एनटीपीने जुळवलेली नसतील, तर तो पत्ता त्या वेळी कोणाकडे होता हेही धड सांगता येत नाही.

तरी मागणी येतेच. लाइन संथ का झाली हे शोधण्यासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरमधून कोण दिवसभर काय बघतो त्याची यादी काढून द्या, असा निरोप कोणत्या ना कोणत्या खात्याकडून येतो. मी विचारते की प्रश्न लाइनीचा आहे की माणसाचा. लाइनीचा असेल तर मला कोणाचं नाव लागत नाही. कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने, कोणत्या प्रकारचा ट्रॅफिक वाढतो एवढं पुरतं, आणि आजवर पुरलेलं आहे. माणसाचा असेल तर तो माझ्या कक्षाचा विषय नाही. त्याला नियम हवा, लेखी परवानगी हवी, आणि ज्याच्यावर नजर आहे त्याला तशी नजर आहे हे आधी माहीत हवं. फ्लोच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या हेही ठरवून लिहून ठेवावं. बिघाड शोधायला काही आठवड्यांच्या नोंदी बहुतेकदा पुरतात. वर्षानुवर्षांच्या साठवल्या की कोणीतरी कधीतरी त्यात डोकावतोच. या विषयावर तुमच्या लेखात एक ओळही नसावी याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण सामान्य वाचकाचा या सॉफ्टवेअरशी संबंध येतो तो इथेच.

शेवटचा मुद्दा, आणि लेखकाने तो टाळला की त्यांच्या लक्षात आला नाही, मला कळलं नाही. प्रत्येक उपकरणाला प्रश्न विचारायचे तर प्रत्येक उपकरणाची किल्ली या सॉफ्टवेअरकडे हवी. बऱ्याच ठिकाणी फक्त वाचायची नाही, बदल करायचीही किल्ली दिलेली असते. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालं की सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या प्रसिद्ध व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता. सुमारे अठरा हजार ग्राहकांकडे ते अपडेट पोचलं असावं असं कंपनीनेच सांगितलं. त्यातल्या थोड्याच ठिकाणी पुढे प्रत्यक्ष घुसखोरी झाली, पण त्यात अमेरिकेची सरकारी खाती होती. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने सरकारी खात्यांना ओरायन ताबडतोब नेटवर्कपासून तोडायला सांगितलं. म्हणजे नेमक्या त्या घडीला, जेव्हा नेटवर्कवर बारीक नजर हवी होती, तेव्हा नजर ठेवणारं यंत्रच बंद करावं लागलं.

एवढं मोठं उदाहरण बाजूला ठेवलं तरी रोजची ढिलाई काही कमी नाही. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांमध्ये परवलीचा शब्द उघडा, जसाच्या तसा तारेवरून जातो, आणि कित्येक उपकरणांवर तो कारखान्यातून आला तसा 'पब्लिक' हाच असतो. तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवण्याची आणि माहिती गुप्त ठेवण्याची सोय आहे. ती २००२ सालीच पूर्ण मानक झाली. तरी आजही नव्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये मला 'पब्लिक' भेटतो. तिसरी आवृत्ती लावायला जरा जास्त वेळ लागतो, हे एकच कारण मला आजवर ऐकायला मिळालेलं आहे.

म्हणून या लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल तर लेखकाला एक विनंती. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये किती ग्राफ आणि पडदा किती सुंदर, याचा तक्ता नका देऊ. जिथे असं सॉफ्टवेअर बसवलं आहे अशा एखाद्या ठिकाणी, तिथल्या लोकांची परवानगी घेऊन, कामाची वेळ टाळून एका दुय्यम लिंकची केबल काढायला सांगा. किती वेळाने कोणाला कळलं, कोणत्या मार्गाने कळलं, त्याला नेमकी जागा समजली की नुसताच गोंधळ, आणि त्याने त्या वेळी काय करायचं हे कुठे लिहिलेलं होतं का, एवढं पाहा. मग केबल पुन्हा लावा आणि त्याच लिंकवर मुद्दाम थोड्या एरर येऊ द्या, म्हणजे चौकोन हिरवाच राहील. आणि कोणाचा फोन येतो का ते बघा.

आपली,
नेटवर्क नियंत्रण कक्षातली एक वाचक